प्रोस्टेट बायोप्सीचा अहवाल कसा वाचावा: ग्रेड आणि पेशींचे मरण

नागपूरच्या धंतोलीत किंवा रामदासपेठेत एखाद्या लॅबच्या जिन्यातच पाकीट फोडणारा मुलगा वडिलांच्या प्रोस्टेट बायोप्सीच्या अहवालातल्या ज्या ओळीवर थबकतो, ती बहुधा ‘ग्लीसन स्कोअर ४ + ३ = ७’ अशी काहीतरी असते, आणि त्याच्या मनात पहिला हिशोब येतो तो शाळेतल्या गुणांचा: दहापैकी सात म्हणजे पहिला वर्ग. सूक्ष्मदर्शकावर बसून असे अहवाल लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ‘सात म्हणजे बरे ना?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. दुसरा प्रश्न अलीकडे वाढला आहे: ‘या पेशी आपोआप मरतात असे वाचले, मग यांच्या गाठीत त्या मरत आहेत की नाही, ते अहवालात कुठे लिहिले आहे?’ हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत, पण लोक समजतात तसे नाहीत. ग्रेड सांगते की गाठीतल्या पेशींनी मिळून कोणता आकार धरला आहे. किती पेशी जन्मतात आणि किती मरतात, हा वेगळा जमाखर्च आहे, आणि तो ग्रेडच्या आकड्यातून थेट वाचता येत नाही.

वाचायला सुरुवात मात्र आकड्यापासून करू नये. आधी अहवालाचा वरचा भाग पाहावा: नाव, वय, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण) किती, नमुने किती घेतले आणि रुग्णाने आधी कोणते उपचार घेतले याची नोंद आहे का. ही शेवटची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. रुग्णाने प्रोस्टेट लहान करणाऱ्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या घेतल्या असतील, हार्मोनचे इंजेक्शन झाले असेल, अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया किंवा शेक, म्हणजे किरणोपचार, झाला असेल, तर ते बायोप्सीपूर्वीच तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे. फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे कागदावरचा ३ प्रत्यक्षात ६ असू शकतो. हार्मोनच्या उपचाराची गोष्ट याहून गंभीर आहे. तिच्याकडे पुढे येतो.

ग्रेड म्हणजे आकार

ही पद्धत डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने मिनिआपोलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील रुग्णांच्या स्लाइड पाहून १९६६ मध्ये मांडली. बहुतेक कर्करोगांत पेशीचे केंद्रक किती विद्रूप झाले आहे यावर ग्रेड ठरते. ग्लीसनने केंद्रकाकडे जवळजवळ दुर्लक्ष केले, कमी क्षमतेच्या भिंगातून फक्त रचना पाहिली आणि तिचे १ ते ५ असे पॅटर्न ठरवले. निरोगी प्रोस्टेटमध्ये लहानमोठ्या पोकळ ग्रंथी असतात, आणि प्रत्येक ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात: आतल्या बाजूला स्राव व पीएसए बनवणाऱ्या उंच पेशी आणि त्यांच्याखाली बसक्या पायथ्याच्या पेशी. कर्करोगात हा पायथ्याचा थर नाहीसा होतो. अहवालात ‘पी६३ निगेटिव्ह’ असे दिसले तर घाबरू नये किंवा आनंदूही नये. पायथ्याच्या पेशी सापडल्या नाहीत, एवढेच ते वाक्य सांगते, आणि निदान पक्के करण्यासाठी ते लागते.

पॅटर्न ३ मध्ये कर्करोगाच्या ग्रंथी लहान असल्या तरी सुट्या असतात. प्रत्येकीभोवती पेन्सिलीने वेगळे वर्तुळ काढता येईल. पॅटर्न ४ मध्ये हे वर्तुळ काढता येत नाही: ग्रंथी एकमेकींत मिसळलेल्या असतात, अर्धवट घडलेल्या असतात, किंवा एका मोठ्या पुंजक्यात चाळणीसारखी भोके दिसतात. पॅटर्न ५ मध्ये ग्रंथी हा प्रकारच उरत नाही. पेशी एकेकट्या, रांगेने किंवा सलग चादरीसारख्या पसरलेल्या असतात. पॅटर्न १ आणि २ सुईच्या बायोप्सीत आता दिले जात नाहीत, त्यामुळे व्यवहारात सर्वांत कमी स्कोअर ३ + ३ = ६ हाच असतो. दहापैकी सहा ऐकून ‘निम्म्याच्या वर गेले’ म्हणून हबकणाऱ्याला सांगावे लागते की ही मोजपट्टीच सहापासून सुरू होते.

बेरजेतला पहिला आकडा सर्वाधिक पसरलेल्या पॅटर्नचा असतो. दुसरा आकडा सुईच्या बायोप्सीत उरलेल्यांपैकी सर्वांत वाईट पॅटर्नचा लिहितात, मग तो थोडा का असेना. शस्त्रक्रियेने काढलेल्या संपूर्ण ग्रंथीला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून बायोप्सीतला आणि शस्त्रक्रियेनंतरचा स्कोअर वेगळा आला तर लॅबने चूक केली असे लगेच धरू नये. सुई ग्रंथीचा अगदी लहानसा अंश उचलते. बारा ठिकाणांहून घेतलेले बारीक धाग्यासारखे तुकडे म्हणजे पूर्ण ग्रंथी नव्हे.

क्रमाला महत्त्व आहे. ३ + ४ आणि ४ + ३ या दोहोंची बेरीज ७ असली तरी पहिल्यात बरा भाग जास्त आहे आणि दुसऱ्यात वाईट भाग. ही गफलत टाळण्यासाठी २०१४ मध्ये शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत १ ते ५ असे ग्रेड गट ठरले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते आले. स्कोअर ६ म्हणजे गट १. ३ + ४ म्हणजे गट २. ४ + ३ म्हणजे गट ३. ८ म्हणजे गट ४, मग तो ४ + ४ असो किंवा ३ + ५. आणि ९ व १० म्हणजे गट ५. जिन्यातल्या त्या मुलाने शोधावा तो हा गट. त्याच्या वडिलांचा गट ३ आहे, पहिला वर्ग नव्हे.

गटानंतर ज्या ओळी वाचायच्या त्या अशा: किती तुकड्यांत कर्करोग आहे, प्रत्येकात किती मिलिमीटर किंवा किती टक्के, पॅटर्न ४ चे प्रमाण किती, आणि चाळणीसारखी रचना आहे की नाही. यांतली शेवटची नोंद अनेक अहवालांत सुटते आणि ती आवर्जून विचारावी, कारण ती असेल तर आजार त्याच गटातल्या इतरांपेक्षा अधिक आक्रमक वागण्याची शक्यता असते आणि ‘उपचार न करता नियमित लक्ष ठेवू’ हा पर्याय देताना युरोलॉजिस्ट हात आखडता घेतात. गट १, पीएसए १० पेक्षा कमी आणि गाठ ग्रंथीतच मर्यादित असेल तर हाच लक्ष ठेवण्याचा पर्याय बहुधा सर्वांत शहाणपणाचा असतो, हे मात्र घरातल्या मंडळींना पटवणे कठीण जाते.

पेशींचे मरण म्हणजे काय, आणि ते कसे दिसते

जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलस्टेअर करी यांनी १९७२ मध्ये पेशीच्या एका विशिष्ट प्रकारच्या मृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. शब्द सुचवला तो ॲबर्डीनच्या विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. मूळ अर्थ झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे. सागाची फांदी वादळात मोडते ते वेगळे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी साग स्वतःच पान सोडतो ते वेगळे. नियोजित पेशीमृत्यू हा दुसऱ्या प्रकारचा आहे. पेशी स्वतःच्याच यंत्रणेने, कॅस्पेज नावाच्या विकरांकडून आतून कापली जाते आणि शेजाऱ्यांना त्रास न देता संपते.

नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या स्लाइडवर, ४०० पट मोठे करून पाहिले की अशी पेशी ओळखता येते. ती आक्रसून शेजाऱ्यांपासून सुटलेली असते, तिच्याभोवती पांढरी कडा पडते, तिचा द्रव गडद गुलाबी होतो आणि केंद्रकाचे घट्ट, काळेनिळे, गुळगुळीत मणी होतात. आजूबाजूला सूज नसते, पू नसतो. शेजारची पेशी ते तुकडे गिळून टाकते. हा सगळा देखावा काही तासांतच आटोपतो, आणि म्हणूनच स्लाइडवर अशा पेशी मोजक्या दिसतात. समजा शंभरांत एक पेशी मरताना दिसते आणि प्रत्येक मरण तीन तास दिसत राहते असे धरले, तर एका दिवसात आठ टक्के पेशी गेल्या असा हिशोब होतो. स्लाइड म्हणजे एका क्षणाचा फोटो आहे. त्यात कमी दिसले म्हणून प्रत्यक्षात कमी मेल्या असे नसते.

याउलट जेव्हा रक्तपुरवठा न पुरल्याने किंवा इजेने पेशींचा गठ्ठाच्या गठ्ठा मरतो, तेव्हा पेशी फुगतात, फुटतात आणि सूज येते. त्याला नेक्रोसिस म्हणतात. अहवालात हे दोन शब्द अदलाबदलीने वापरले गेलेले नाहीत ना, हे पाहण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

गाठ वाढते ती जन्मांतून मरणे वजा होऊन. प्रोस्टेटच्या कर्करोगात सुरुवातीला पेशी फार वेगाने विभागत नाहीत. पण ज्या मरायला हव्यात त्या मरत नाहीत, आणि शिल्लक साठत जाते. हे घडवणाऱ्या बिघाडांची नावे काही अहवालांत दिसतात. पीटेन हे जनुक गेले की पेशीला ‘जगत राहा’ हा संदेश अखंड मिळतो, आणि ते वरच्या ग्रेडमध्ये अधिक वेळा गेलेले आढळते. पी५३ बिघडले की खराब झालेल्या पेशीला मरणाकडे ढकलणारा पहारेकरी राहत नाही. बीसीएल-२ हे प्रथिन मरणाची यंत्रणा मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, दारातच अडवते. निरोगी प्रोस्टेटमध्ये ते पायथ्याच्या पेशींत असते, आतल्या उंच पेशींत सहसा नसते, आणि हार्मोनच्या उपचाराला न जुमानणाऱ्या कर्करोगात ते पुष्कळदा वाढलेले दिसते.

जिथे बहुतेक जण फसतात

आता साधे तर्कशास्त्र असे सांगेल की वरची ग्रेड म्हणजे मरणे कमी. प्रत्यक्षात अनेकदा उलट दिसते: पॅटर्न ५ च्या स्लाइडवर मरणाऱ्या पेशी पॅटर्न ३ पेक्षा जास्त सापडतात. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, कारण कोणी डोळ्याने मोजतो, कोणी तुटलेला डीएनए रंगवणारी टनेल पद्धत वापरतो आणि कोणी कॅस्पेज-३ चा रंग. पण जास्त मरणे दिसली म्हणून आजार सौम्य, हा अर्थ चुकीचा आहे एवढे नक्की. समजा एका गाठीत हजार पेशींमागे दिवसाला ५ जन्मतात आणि ३ मरतात, तर दुसरीत ४० जन्मतात आणि २० मरतात. दुसरीत मरणे जवळजवळ सातपट आहेत, तरीही तीच दहापट वेगाने वाढते आहे. म्हणून पेशीमृत्यूचा आकडा एकटा कधीच वाचू नये. शेजारी विभाजनाचा आकडा, म्हणजे केआय-६७, नसेल तर तो अर्धाच हिशोब आहे.

एकाच ठिकाणी मात्र मरण थेट ग्रेडमध्ये शिरते. चाळणीसारख्या किंवा भरीव पुंजक्याच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा ढीग साचलेला दिसला, तर त्याला कोमेडोनेक्रोसिस म्हणतात आणि तो भाग पॅटर्न ५ धरला जातो. हे नेक्रोसिस आहे, नियोजित पेशीमृत्यू नव्हे. पुंजका इतका भरभर वाढला की मध्यापर्यंत प्राणवायू पोहोचला नाही, अशी त्यामागची हकिकत असते. एका नातेवाइकांनी हा शब्द वाचून ‘गाठ आतून मरायला लागली आहे’ असा समज करून घेऊन मिठाई आणली होती. ती कशी नाकारावी हे मला त्या दिवशी सुचले नाही.

अहवालात बीसीएल-२, कॅस्पेज किंवा ‘ॲपॉप्टोटिक इंडेक्स’ छापलेला नसेल तर तो अपुरा आहे असे समजू नये. आज प्रोस्टेटच्या कर्करोगाचा उपचार ग्रेड गट, पीएसए, गाठीचा टप्पा, रुग्णाचे वय आणि त्याची एकूण प्रकृती यांवरून ठरतो. पेशीमृत्यूचे हे आकडे मुख्यतः संशोधनातले आहेत. वेगळे पैसे भरून ती तपासणी करून घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी नाही म्हणतो. बीसीएल-२ ला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले जाते. प्रोस्टेटच्या नेहमीच्या उपचारांत त्याला स्थान नाही.

उपचारानंतरचा अहवाल

शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले की पुरुष संप्रेरक तोडले की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. हगिन्स यांना यासाठी नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, म्हणजे ग्लीसनच्या पद्धतीच्याच वर्षी. संप्रेरक तुटल्यावर ग्रंथीच्या आतल्या उंच पेशी नियोजित मृत्यूने गळतात, पायथ्याच्या पेशी बऱ्याच अंशी टिकतात. उंदरांमध्ये संप्रेरक पुन्हा दिले की आक्रसलेली ग्रंथी पुन्हा भरते.

हे समजावताना काटोलकडच्या एका बागायतदार रुग्णाने मला मध्येच थांबवून विचारले होते, ‘म्हणजे संत्र्याले ताण देतो तसंच हाय का, डॉक्टरसाहेब?’ पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, झाड मात्र मरू द्यायचे नाही. मी होय म्हणालो, आणि घरी जाताना लक्षात आले की त्यांची उपमा माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे गेली होती, कारण ताण तुटल्यावर बहार येतो. हार्मोनच्या उपचाराने बहुतेकांचा आजार दबतो, पण पसरलेल्या आजारात ज्या पेशी संप्रेरकाविना जगायला शिकतात त्या काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा वाढतात, आणि म्हणून पीएसए खाली आला तरी ठरलेल्या तारखेला तपासणे सोडायचे नसते.

अहवाल वाचणाऱ्यासाठी यातला व्यावहारिक मुद्दा असा, की हार्मोनचा परिणाम झालेल्या ऊतीत ग्रंथी आक्रसतात, पेशी एकेकट्या दिसू लागतात आणि केंद्रके काळी पडतात; हे दृश्य पॅटर्न ५ ची हुबेहूब नक्कल करते. उपचाराचा ठळक परिणाम दिसत असेल तर ग्लीसन ग्रेड देऊच नये असा संकेत आहे. पाहणाऱ्याला उपचाराची माहितीच नसेल तर तो प्रामाणिकपणे ५ + ४ लिहील आणि घरात ‘आजार बिघडला’ म्हणून रडारड होईल. चिठ्ठीवरची ती रिकामी जागा भरण्याचा आग्रह मी यासाठी धरतो.

शेक दिल्यानंतरचे मरण संथ असते. किरणांनी डीएनए तुटलेल्या पेशी बऱ्याचदा लगेच मरत नाहीत. पुढे विभागायला गेल्या की कोसळतात. त्यामुळे पीएसए तळाला जायला वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक लागू शकते, आणि तीन महिन्यांत आकडा शून्यावर आला नाही म्हणून डॉक्टर बदलण्याचे कारण नाही. शेकानंतर साधारण दोन वर्षे बायोप्सी टाळतात तीही याच कारणाने, कारण मरणाच्या वाटेवरची पेशी आणि जिवंत पेशी त्या काळात वेगळ्या ओळखता येत नाहीत.

हळदीबद्दल दर आठवड्याला एक तरी निरोप फोनवर फिरत येतो, की ती कर्करोगाच्या पेशींना आत्महत्या करायला लावते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हळदीतले कर्क्युमिन ओतले की त्या मरतात, हे खरे आहे. पोटातून घेतलेले कर्क्युमिन मात्र रक्तात अत्यल्प उतरते. वरणातली हळद सुरू ठेवावी आणि इंजेक्शनची तारीख चुकवू नये.

तुकडा, ब्लॉक आणि स्लाइड

ग्रेड असो की मरणाऱ्या पेशींची मोजणी, दोन्ही तुकडा नीट टिकवला गेला तरच खरी ठरतात. बायोप्सीचे तुकडे लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, पडले पाहिजेत, आणि हा द्रव तुकड्यांच्या आकारमानाच्या किमान दहापट हवा. एका मे महिन्यात नागपूरबाहेरून एक बाटली आली होती. पारा ४५ अंशांवर, बाटलीत फॉर्मॅलिनऐवजी सलाइन, आणि चार तासांचा प्रवास झालेला. स्लाइडवर ग्रंथींच्या सावल्या तेवढ्या उरल्या होत्या. पेशी स्वतःच्याच रसाने विरघळल्या होत्या आणि हे मरण आजाराचे नसून बाटलीचे होते. टनेलचा रंग दिला असता तर सगळीकडे खोटाच उमटला असता. रुग्णाला पुन्हा सुई सोसावी लागली. बाटली स्वतः नेणार असाल तर आत फॉर्मॅलिनच आहे हे विचारून घ्यावे, प्रत्येक बाटलीवर नाव आणि ग्रंथीची बाजू लिहिली आहे का ते पाहावे, आणि ती बर्फात ठेवू नये.

दुसरे मत घ्यायचे असेल, मग ते तुकडोजी चौकाजवळच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात असो, जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत असो किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात, कागदाची झेरॉक्स पुरत नाही. मूळ लॅबकडून स्लाइड आणि ज्यात तुकडे बसवलेले असतात ते मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत, लेखी अर्ज करून आणि क्रमांक ताडून. पॅटर्न ३ आणि ४ यांच्या सीमेवर दोन अनुभवी डॉक्टरांचे मत वेगळे पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. आलेला फरक गट १ आणि २ यांच्यातला असेल तर उपचार बदलू शकतो, म्हणून तिथे दुसरे मत घ्यावेच.

ब्लॉकचे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापू शकतो, तेव्हा ते पाकीट गाडीत सोडून जेवायला जाऊ नये. हातातल्या पिशवीत, कापडात गुंडाळून ठेवावे. काम झाल्यावर ब्लॉक परत आणून लॅबला जमा करावेत आणि पावती फायलीत लावावी, कारण आजार पुढे पसरला आणि बीआरसीए जनुकाची तपासणी करायची वेळ आली, तर ती पुष्कळदा त्याच जुन्या ब्लॉकमधून करावी लागते.